घरतांच्या गोष्टीचा हुंकारी

माझे दिनानाथमामा पंचवीस वर्षांचे असताना पळस्प्याजवळच्या एका गावात मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या वडिलांनी खाडीकाठच्या भातजमिनीबद्दल विचारलं, "खार किती हाय?" मामा म्हणाले, "हूं." त्यांनी विचारलं, "मिठागरावं जाता का?" मामा म्हणाले, "हूं." मग त्यांनी जरा अंदाज घेत विचारलं, "ताडी पिता का?" मामा तेव्हाही "हूं" म्हणाले. मामांच्या मते त्या हूंचा अर्थ होता, ऐकतोय, पुढे बोला. मुलीच्या वडिलांच्या मते त्याचा अर्थ वेगळा होता. स्थळ गेलं. पुन्हा मामा कुठे बघायला गेले नाहीत. आज ते एकाहत्तर वर्षांचे आहेत, नवीन पनवेलला पुतण्याकडे राहतात आणि ताडी त्यांनी अजून चाखलेली नाही.

ही सवय त्यांना लागली ती घरच्या कामामुळे. मामा हुंकारी आहेत. घरत घराण्यात एक गोष्ट आहे, ती वर्षातून एकदा सांगतात, आणि ती सांगताना समोर बसून "हूं" म्हणायला एक माणूस लागतो. सांगणारी एक वाक्य सांगते, हुंकारी हूं म्हणतो, मग दुसरं वाक्य. हूं आलं नाही तर सांगणारीने पुढे जायचं नाही. कुठेतरी चुकलं, असं समजायचं, गोष्टीतल्या मागच्या मुक्कामावर जायचं आणि तिथून पुन्हा यायचं. हुंकारी काय चुकलं ते सांगत नाही. तो फक्त गप्प राहतो. एकाच जागी तीनदा सांगूनही हूं आलं नाही, तर त्या वर्षी गोष्ट झाली नाही.

सांगायचं घरच्या सुनेने. हुंकार द्यायचा घरच्या पुरुषाने. असं का, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई घरतांची मुलगी, म्हणजे तिला ना सांगायचा मान ना हुंकाराचा. ती म्हणाली, "आमच्या घरच्या पुरुषाला सांगाला दिलं तर तो आपलीच लाल करील. आनि परगावच्या बाईला मोकली सोरली तर ती पदरचं घालील. म्हनून एकीनी सांगायचं नि एकानी राखायचं." मग म्हणाली, "मुलींनी जेवन करायचं."

आता गोष्ट. ती थोडक्यात सांगतो, कारण मला हूं म्हणणारं इथे कोणी नाही.

खाडीच्या कडेला घरतांनी खारबांध घातला. भरतीचं पाणी बाहेर, भाताची जमीन आत. पण दर उधाणाला बांध एकाच जागी फुटायचा, तिथे खांड पडायची, आणि खारं पाणी आत येऊन पीक जायचं. तीन वर्षं असं झालं. जाणती माणसं म्हणाली, बांध माणूस मागतो. सगळ्यांची नजर घरातल्या नव्या सुनेकडे गेली. तिचं नाव आवडाबाय. ती पदर खोचून खांडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, माणूस घालायचा तर ज्याला जमीन पाहिजे त्याला घाला, मला तर अजून भाताचा दाणा मिळाला नाही. कोणी पुढे आलं नाही. मग ती म्हणाली, माणूस नाही ना, तर घरात जे आहे ते आणा. पेंढा आणला, गेला. कुडाच्या काठ्या आणल्या, गेल्या. घराचं दार उखडून आणलं, तेही गेलं. शेवटी सासऱ्याची होडी घातली, त्यावर चिखल टाकला आणि बांध राहिला. त्या वर्षी घराला दार नव्हतं. म्हणून घरत माघी पुनवेला भरतीपासून ओहोटीपर्यंत घराचं दार लावत नाहीत. त्याच दिवशी दुपारची भरती भरत आली की गोष्ट सुरू करतात आणि पाणी पूर्ण भरायच्या आत संपवतात.

गोष्ट एवढीच. पण सांगायला तास लागतो, कारण पेंढा कुठल्या शेतातला, काठ्या कोणी तासल्या, दार कुठल्या झाडाचं, हे सगळं त्यात येतं. ते सगळं कमळामामीला पाठ होतं. कमळामामी म्हणजे मामांच्या थोरल्या भावाची बायको. तिने सदतीस वर्षं सांगितली आणि मामांनी सदतीस वर्षं हुंकार दिला. त्याआधी मामांची आई सांगायची, तेव्हाही हुंकारी तेच. एरवी दोघांत फार बोलणं नसायचं. मामी त्यांना "भावजी, पानी आलं का?" एवढंच विचारायची, कारण मामा ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करत. त्याआधी त्यांनी वडिलांबरोबर खांडी बुजवल्या, मग मिठागरावर राबले. मग खार गेली, मिठागर गेलं, बांधावर भराव पडला, आणि मामा सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह फिरवू लागले. पाणी अडवायचं सुटलं, सोडायचं हाती आलं. त्यावर त्यांनी कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता घरतांची, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारने दिलेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर तीन मजली बिल्डिंग आहे. बांध नाही म्हणून गोष्ट खालच्या पार्किंगमध्ये होते. भरतीची वेळ हितेशदादा मोबाइलवर बघतो. हितेश हा कमळामामीचा मुलगा, खडी-रेतीचा धंदा करतो, आणि दिवसभर फोनवर बोलत असल्याने गळा दणदणीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आषाढात कमळामामी गेली. आणि घरतांचा एक नियम तेव्हा सगळ्यांना आठवला, जो तोपर्यंत कोणाला आठवायची गरज पडली नव्हती. जो बांध तीन वर्षं बांधला नाही, तो खाडीचा झाला, त्यावर पुन्हा कोणी हक्क सांगायचा नाही, असा खारीकडचा जुना रिवाज. गोष्टीलाही तोच लावलेला. तीन माघी पुनवा गोष्ट झाली नाही, की ती परत सांगायची नाही.

पहिल्या वर्षी हितेशदादा बसला. "माझी आईच सांगायची ना, मला येतेच," म्हणाला. सून नव्हता, पण घरात दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून चालवून घेतलं. त्याने सुरुवात केली, "तर बघा, पॉइंट असा आहे, की बांध वारंवार फुटत होता." मामा गप्प. हितेश मागे गेला, म्हणजे कुठे जाणार, पहिलंच वाक्य होतं. "बांध फुटत होता, मंजे प्रॉब्लेम एकाच लोकेशनला होता." मामा गप्प. तिसऱ्यांदा त्याने आवाज चढवून सांगितलं. मामांना ऐकू कमी येतं, कानात मशीन आहे, त्यामुळे आवाजाचा दोष नाही हे तरी सिद्ध झालं. चार मिनिटांत गोष्ट बंद पडली. मटण शिजायला अजून दीड तास होता.

दुसऱ्या वर्षी विनायक गुरुजींना बोलावलं. ते आमच्या जुन्या गावच्या शाळेत होते. त्यांनी नातेवाईक बायकांना फोन करून करून तपशील जमवले आणि अकरा पानं लिहून आणली. अक्षर सुरेख. ते वाचू लागले, "तदनंतर त्या धैर्यशील स्नुषेने समस्त ग्रामस्थांस आवाहन केले." मामा गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्याकडे आदराने बघत राहिले आणि एकदाही हूं म्हणाले नाहीत. नंतर गुरुजी मला म्हणाले, "दिनानाथला प्रमाणभाषा कळत नसावी." मी तसं मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "कागद माज्याकरं बघत नाय, मी कागदाला कश्याला हूं बोलू?"

दोन वर्षं गेली.

यंदा पौष संपत आला तेव्हा मामांनी जेवण कमी केलं. निशावहिनीने ते पहिल्यांदा ओळखलं. निशा ही हितेशची बायको, म्हणजे कमळामामीची सून, म्हणजे नियमाने गोष्ट सांगायचा मान तिचाच. पण तिला कोणी विचारत नव्हतं, आणि ती आपणहून येत नव्हती. त्याचं कारण दहा वर्षांपूर्वीचं.

निशावहिनी उरणजवळच्या करंजाची. कोळ्यांची मुलगी. वडिलांची होडी आहे, काका बंदरावर लिलावाला असतात. लग्न दोघांनी आपलं ठरवून केलं, घरच्यांनी मग मान्य केलं. पहिल्याच माघात ती पार्किंगमध्ये बायकांच्या घोळक्यात गोष्ट ऐकायला बसली. मामी रंगात आली होती. दार वाहून गेलं. मामी म्हणाली, "मंग सासऱ्यानी आपली होरी आनलान नि खांडीत घातलान." आणि मागून निशावहिनी फस्सकन हसली. "होरी?" म्हणाली. "खांडीत? वाहून नाय गेली?"

गोष्टीत हुंकाऱ्याशिवाय कोणी बोलायचं नसतं. मामीने मान वळवली नाही, गोष्ट पूर्ण केली, पण मागच्या तीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं, ते सुनेने केलं, हे तिच्या मनातून गेलं नाही. पुढच्या सात माघी पुनवांना वहिनीला बरोबर त्याच वेळी वर भाकऱ्या टाकायचं काम निघायचं. दोघींचं एरवी भांडण नव्हतं. मामीच्या आजारपणात सगळं वहिनीनेच केलं. फक्त ही गोष्ट मामीने तिला दिली नाही, आणि वहिनीने मागितली नाही.

मामा एका रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मी ओट्याजवळ चहा पीत होतो. वहिनी बोंबील साफ करत होती.

"काका, भूक लागली?" तिने विचारलं.

"नाय."

"मग?"

मामा दाराची चौकट चाचपत राहिले. प्रश्न विचारायची सवय नसलेला माणूस. "माघी पुनव आली," म्हणाले.

"हो. हितेश बोलले. यंदा कोनाला बोलावताय?"

"तू सांग."

वहिनीने हातातला बोंबील ठेवला. "मी? मी हसनारी. सासूबाईंनी मला सात वर्सं भाकऱ्यांना बसवली. आता बाकी सगले नापास झाले म्हनून मी?"

"हूं," मामा म्हणाले. खोटं बोलता येत नाही त्यांना.

वहिनीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "काका, मला गोष्ट पुरती ठाव पन नाय. जिन्यातून येताजाता ऐकलेली. अर्धी कुकरच्या शिट्टीत गेली."

"चुकलीस तर मी गप रानार. येवरंच."

"आनि तुमीच का नाय सांगत? तुमाला तर अख्खी पाठ असंल."

"हुंकाऱ्यानी सांगायचं नाय."

"कोनी पाहिलंय आता? सासूबाई नाय, सासरे नाय."

"मीच सांगनार नि मीच हूं बोलनार," मामा म्हणाले, "तर मंग काय पन सांगीन." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, "यंदा तिसरं वरीस हाय."

ते एवढंच म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. वहिनी उरणकडच्या एका कंटेनर यार्डात गेटपासच्या खिडकीवर काम करते. दिवसभरात शंभर ड्रायव्हर तिला शंभर कहाण्या सांगतात, कोणाची बायको आजारी, कोणाचा टायर फुटला. त्यातली खरी कुठली हे तिला खिडकीतून चेहरा बघून कळतं. तिने मामांचा चेहरा बघितला.

"माज्या शब्दांत सांगीन," ती म्हणाली. "सासूबाईंसारखं घोळून नाय जमायचं."

"शब्द तुजे. गोष्ट आमची."

"आनि त्या दिवशी भाकऱ्या हितेश करतील."

मामा म्हणाले, "हूं."

पुढचे पंधरा दिवस वहिनी माझ्या आईला रोज रात्री फोन करायची. मामा बाजूला बसून टीव्हीकडे बघत असायचे, मशीन काढून. मला वाटतं त्यांना आधी काही ऐकायचं नव्हतं. जेवण मात्र पूर्ववत झालं.

माघी पुनवेला भरती बारा वाजून बावीस मिनिटांनी पूर्ण होणार होती. अकरा वाजता पार्किंगमधल्या स्कूटी बाहेर काढल्या, ताडपत्री अंथरली. तिन्ही मजल्यांचे दरवाजे उघडे. वॉचमन शिवा दरवर्षीप्रमाणे येऊन सांगून गेला की चोरी झाली तर तो जबाबदार नाही. तीस-पस्तीस माणसं जमली. विनायक गुरुजीही आले होते. हितेशदादा वर भाकऱ्या करत होता, म्हणजे भाकऱ्या विकत आणून फडक्यात गुंडाळत होता.

मामा पांढरा सदरा घालून बसले. मशीन कानात, हात गुडघ्यांवर. वहिनी समोर बसली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि गेटपासच्या खिडकीत बोलतात तशा साध्या आवाजात सुरू केलं.

"खारीला घरत आले तवा खारीला काय नवतं. चिखल व्हता."

मामांनी मान किंचित पुढे केली.

"हूं," मामा म्हणाले.

माझ्या शेजारी आई बसली होती. तिने तीन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मग वहिनी चालू लागली. पहिली खांड. हूं. दुसरी खांड. हूं. तिसऱ्या वर्षी तिने जाणत्या माणसांची नावं घेतली, त्यात एक चुकलं. मामा गप्प. वहिनी मागे गेली, नाव बदललं, हूं आलं. लोक सैलावले. आवडाबाय खांडीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा वहिनी स्वतः गुडघ्यांवर उठून बसली. "ती बोलली, माज्या पोटात या खारीचा दाना गेला नाय नि मना खारीच्या पोटात घालता?" हे मामी असं सांगत नसे. मी मामांकडे बघितलं. मामांनी क्षणभर वेळ घेतला.

"हूं."

पेंढा गेला. काठ्या गेल्या. दार गेलं, ते सागाचं नव्हे, उंडणीचं, हे आईने फोनवर पढवलेलं तिला बरोबर आठवलं. साडेअकरा होऊन गेले होते. आता होडी राहिली की संपलं.

"मंग सासऱ्यानी आपली होरी आनली," वहिनी म्हणाली, "नि खांडीत घातली."

हूं आलं नाही.

वहिनी थांबली. नाव चुकलं असेल म्हणून मागे गेली, दारापासून परत आली. सासऱ्याचं नाव घेतलं, होडी कुठे बांधलेली ते सांगितलं, ओढायला कोण कोण होतं ते सांगितलं. "आनि होरी खांडीत घातली."

मामा गप्प. हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, नजर वहिनीवर.

लोकांत चुळबुळ झाली. विनायक गुरुजी पुटपुटले, "माझ्याकडे तर असंच लिहिलंय." हितेशदादा जिन्यावर येऊन उभा होता, हाताला पीठ नव्हतं हे लपवत. तो कुजबुजला, "मशीनचा सेल गेला का बघ." मी वाकून मामांच्या कानाजवळ गेलो. मामांनी माझ्याकडे न बघता हाताने मला बाजूला सारलं. सेल चांगला होता.

"आई, चुकलं काय?" मी विचारलं.

"काय चुकलं नाय," आई म्हणाली. तिचा आवाज घाबरल्यासारखा होता. "कमलावयनी असंच सांगं. होरी घातली. येवरंच."

दोनदा सांगून झालं होतं, म्हणजे एकदा उरलं होतं. वहिनी पुन्हा दारापासून निघाली. पण या वेळी तिचा पारा चढला होता. होडीपाशी आली आणि थांबली. तिला वाटलं असणार, की दहा वर्षांपूर्वी जिथे हसले तिथेच मला आणून अडवलं. आणि तिने गोष्टीचा सूर सोडला, सरळ मामांशी बोलली. गोष्टीत असं करत नाहीत.

"काका, खरं सांगू? मला ही होरी कदी पटलीच नाय. माजा बाप होरीवर हाय. उधानाच्या पान्यात खांडीच्या तोंडाला होरी सोरली तर टोकाची नाल पुढं करून सू करून आत जाईल, भातात जाऊन बसंल. बांध कसला रातो."

मामा बघत होते.

"मंजे तिला सरल सोरून उपेगाचं नाय," वहिनी म्हणाली. आता ती आपल्याशीच बोलत असल्यासारखी हातांनी करून दाखवू लागली, ताडपत्रीवर, दोन्ही तळवे जोडून होडी. "तिला आरवी घालाला पायजे. दोनी टोकं बांधाच्या दोनी अंगांना टेकली पायजेत. नि रिकामी नाय घालायची, रिकामी उलथंल. आदी चिखल भराला पायजे. नि तलाचं बूच काढाला पायजे, मंजे पानी आत येऊन ती खाली बसंल. मंग पान्यानीच ती दाबून धरली." तिने हात खाली दाबले आणि वर बघितलं. "होरी आरवी घातली. चिखल भरून, बूच काढून."

"हूं," मामा म्हणाले.

आता जे झालं ते साधंच. वहिनीने उरलेली चार वाक्यं सांगितली. प्रत्येकाला हूं आलं. बारा वाजून अकरा मिनिटांनी बांध राहिला. भरतीला अकरा मिनिटं बाकी होती. लोक उठून भाकरी-मटणाकडे गेले. विनायक गुरुजींनी खिशातून पेन काढून आपल्या अकरा पानांपैकी नवव्या पानावर काहीतरी घातलं. मटण वाढताना बायका एकमेकींना सांगत होत्या की कमळाबाय असंच सांगायची, आडवी घातली, आपल्यालाच आठवत नव्हतं. आईही म्हणाली. आई खोटं बोलत नव्हती, तिला तेव्हाच तसं आठवलं.

ओहोटी पूर्ण व्हायला संध्याकाळचे साडेसहा वाजणार होते. तोपर्यंत दार उघडं, आणि दारात घरचं माणूस. दुसऱ्या मजल्यावरच्या दारात मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"मामा," मी म्हटलं, "मामी आडवी म्हणायची?"

मामा जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर समोरच्या बिल्डिंगचे एसी होते.

"नाय," ते म्हणाले.

मी थांबलो. त्यांच्याशी बोलताना तेच करावं लागतं.

"वयनी बोलं, होरी घातली. सदतीस वर्सं. आनि मी हूं बोललो. सदतीसदा." मग म्हणाले, "मी बापाबरोबर चालीस खांडी बुजवल्या. सरल होरी खांडीत रात नाय. दर वरसाला त्या जागी आलं का मना वाटं, कशी घातली?"

"मग विचारायचं ना."

"हुंकाऱ्याला इचारता येत नाय."

"मग गप्प राहायचं. आज राहिलात तसे."

मामांनी मान हलवली. "गप रायलो असतो तर वयनी मागं गेली असती. परत आली असती. परत मागं गेली असती. तिचं माहेर डोंगराकरं. तिना होरी कदी हातानी धरलेली नाय. ती काय घेऊन पुढं येनार? चारचौघांत अरकली असती." मामांनी आत निशावहिनीकडे मान केली. "ही हसली त्या दिवशी मना कललं, हिला ठाव हाय."

"म्हणजे दहा वर्षं तुम्ही..."

"वयनी व्हती तवर वयनीची गोष्ट."

मी हिशेब करत बसलो, की ही तर लबाडीच झाली. दोन वर्षं हितेशदादाला आणि गुरुजींना गोष्ट मोडली म्हणून गप्प राहून बंद पाडलं, आणि तिसऱ्या वर्षी, सगळं पणाला लागलेलं असताना, बरोबर सांगितलेल्या वाक्याला गप्प राहिले. वहिनीला सुचलं नसतं तर गोष्ट कायमची गेली असती, आणि ती घालवणारे हे असते. मी तसं म्हटलं.

"हूं," मामा म्हणाले.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "दुसऱ्यांदा गप रायलो तवा घाम आला. बोललो, आता हूं बोलून टाकावं."

"मग?"

"मंग ती रागावली."

वर गच्चीवर कोणीतरी ताडपत्री झटकत होतं. आत वहिनी करंजाला आईशी फोनवर बोलत होती, दार उघडं असल्याने सगळं ऐकू येत होतं. ती सांगत होती की काका कसे अडून बसले, दोनदा मागं पाठवली, शेवटी बरोबर आठवलं. "सासूबाई तसंच सांगायच्या गं," ती म्हणाली. "आरवीच. मी तवा हसले ना, माजं पुढचं ऐकायचं रायलं असंल. उगाच सात वर्सं मी त्यांच्यावर मनात धरून व्हते."

मामांनी घड्याळ बघितलं. साडेसहाला दोन मिनिटं होती. ते उठले, खुर्ची आत घेतली, मला आत यायची खूण केली.

"हूं," त्यांनी फोनच्या दिशेने म्हटलं, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, आणि दार लावलं.